मूळ जपानी

डोळे गेले त्या वर्षी दार करकरलं तरी जालिंदरच्या छातीत धस्स व्हायचं. त्याच्या कारखान्यातला जपानी साहेब मायदेशी जाताना भुताच्या सिनेमाची एक कॅसेट देऊन गेला होता. बायकोनं, बनाबाईनं, ती हट्टानं लावली. भाषा दोघांनाही कळेना, तेव्हा दिसेल ते ती सांगत गेली. पांढऱ्या लुगड्यातली बाई केस सोडून घरोघर हिंडते, हळूच दार लोटते आणि झोपलेल्यांचं सरकलेलं पांघरूण नीट करून निघून जाते.

"मग वरडत्यात कशापायी?"

"उगंच घाबरत्यात येडी माणसं."

तो सिनेमा त्यानं पुढं कितीदा तरी ऐकला. आता दार करकरलं की तो हसून म्हणायचा, "आली बघ जपानी बाई."

परवा रविवारी दुपारी नगरहून भाची दीपा आली. येताना तिनं त्याच गोष्टीवर अमेरिकेत काढलेला सिनेमा आणला, तोही हिंदी आवाज दिलेला. या वेळी जालिंदरला शब्द न् शब्द कळला. बाई दार लोटत होती आणि झोपलेल्यांचे गळे आवळत होती.

"अमेरिकावाल्यांनी पार वाट लावली गं गोष्टीची!"

"नाही मामा, मी दोन्ही बघितलेत. जपानीतपण ती गळाच दाबते."

शेजारी तांदूळ पाखडणारं बनाबाईचं सूप थांबलं.

जालिंदर सुपाच्या दिशेनं हात पुढं करून म्हणाला, "बना, ही कॅसेट काढ. आपला जपानी लाव, आन तू सांग."