चौकडीतली आजी

"आजी कट," निर्माता फोनवर म्हणाला. "बाकीचे तिघं राहतील. तुमच्या ओळखीचे असतीलच, त्यांना सोमवारी रेकॉर्डिंगला पाठवून द्या."

'वज्रचौकडी'चे हक्क त्याने नुकतेच विकत घेतले होते. आधी कॉमिक, मग कार्टून, मग कित्येक वर्षं अडगळीत. चार सुपरहिरोंना आवाज कोणाचे, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. तेव्हा आवाजवाल्यांची नावं दाखवायची पद्धतच नव्हती. शोधाशोध करून हाती लागली ती चौघांतल्या वादळआजीला आवाज देणारी, फोनवरची ही एक बाई. आणि ती निघाली खमकी.

"का कट?"

"बाई, म्हातारी सुपरहिरो आज कोण बघतं? जमाना बदलला की टीम बदलते. कॉमिकच्या काळापासून हेच चालत आलंय."

"आणि ज्याला काढलं, त्यालाच वाचकांनी ओरडा केल्यावर हातापाया पडून परत आणलंय. तेही तेव्हापासूनच चालत आलंय. आजी नाही, तर कोणीच नाही."

"बाकीच्यांचं तुम्ही कसं ठरवता?"

"मग त्यांनाच विचारा की. इथेच आहेत."

डोंगर उचलणारा पहाड फोनवर घोगऱ्या आवाजात गरजला, "आजीला हात तर लावून बघा!" लहानपणी याच आवाजाला घाबरून निर्माता पलंगाखाली लपायचा. मग मुंगीएवढी चिमटी किणकिणली, "मी पण नाही येणार, जा!" शेवटी भिंतीतून आरपार जाणारा धूर थंडपणे म्हणाला, "चौघं, नाहीतर कोणी नाही."

म्हणजे अख्खी चांडाळचौकडी बाईच्या घरी ठाण मांडून बसली होती! कोणी कोणाचं बोलणं तोडलं नाही, मागे साधी कुजबुजसुद्धा नाही. एवढी एकी त्याने जन्मात पाहिली नव्हती.

त्याचा नुसता तिळपापड झाला. नवे आवाज घ्यावेत, तर जुनेच आवाज हवेत ही चॅनेलची अट. दोन दिवस त्याने चडफडून काढले आणि मग नाक मुठीत धरून फोन केला.

"राहू दे तुमची आजी. चौघंही या."

सोमवारी स्टुडिओत त्याने चार माइक लावले, चार खुर्च्या मांडल्या, चार चहा सांगितले. ठरल्या वेळेला बाई आल्या. निर्मात्याने त्यांच्या मागे दाराबाहेर डोकावून पाहिलं. जिना रिकामा होता.

"बाकीचे कुठे आहेत?"

बाईंनी तीन खुर्च्या भिंतीकडे सरकवल्या, चौथीवर बसून सावकाश चष्मा पुसला आणि पहाडाच्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "दार लावून घ्या, साहेब. सगळे आलेत."