पडद्यामागचा भोंगा

आणीबाणी लागली त्या वर्षी, रहिमतपूरजवळच्या आमच्या गावात माझा दोस्त जोतिबानं गणपतीसाठी स्वतःच लिहिलेलं नाटक बसवलं. साखर कारखान्याच्या चेअरमनला जाब विचारणाऱ्या एका माणसाला पोलीस भर सभेतून उचलून नेतात, अशी गोष्ट होती. तो माणूस जोतिबाच करायचा. नाटकात पोलिसांची जीप आली, की पडद्यामागून रबरी भोंगा वाजवायचं काम माझ्याकडं होतं.

पहिल्या तालमीत मी भोंगा वाजवला, तर लांब माळावरून तसाच भोंगा वाजला. पुढच्या तालमीला तो ओढ्यापाशी वाजला. मग चावडीपाशी. बाहेर जाऊन बघावं, तर रस्त्यावर गाडी नसायची.

"जोतिबा, ह्ये नाटक नगं रं," मी म्हणालो.

"आरं, नाटकच हाय गड्या."

"मग मी भोंगा वाजवणार न्हाई."

"नगं वाजवूस. हवालदार तसंच आत येत्याल," तो हसून म्हणाला.

प्रयोगाला आमचे खरे चेअरमन पहिल्या रांगेत बसले होते. त्यांच्याकडंच बघत जोतिबानं विचारलं, "ऊस आमचा, तर वजनकाटा कुणाचा?"

मी भोंग्याचा रबरी फुगा काढून खिशात घातला होता.

तरी भोंगा वाजला. माझ्या पाठीमागंच.

दोन हवालदार रंगमंचावर शिरले आणि जोतिबाला दंडाला धरून घेऊन गेले. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला.

आमचे दोन्ही हवालदार माझ्या शेजारी उभे राहून अजून मिशा चिकटवत होते.