अडलं तर सांग

धड्यातल्या जहाजापाशी मुंगी पुन्हा अडली. "ज… हा…" म्हणाली आणि त्या शब्दावर बोट ठेवून बापाकडे बघत बसली.

बापाने अंगावरचा युनिफॉर्मही अजून उतरवला नव्हता. गोदामात दिवसभर फोर्कलिफ्ट चालवून त्याची पाठ धरली होती. लोखंडी टोकाचे जड बूट दाराशी पडले होते. जिन्यात त्या बुटांचा आवाज आला की मुंगी आपणहून पुस्तक उघडून बसे. पोर गुणी होती, कष्टाळू होती. मग वाचनाचंच घोडं कुठे पेंड खात होतं, ते काही त्याला कळत नव्हतं.

"काल तर आला होता हा शब्द तुला," तो म्हणाला.

"काल आला होता. आज परत अडला."

त्याने खुर्ची जवळ ओढली. मुंगी त्याच्या दंडाला टेकली आणि दोघं मिळून त्या जहाजाला पुढे ढकलू लागले.

घरात नियम एकच होता: अडलं तर सांगायचं. बाप गोदामात, आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात. एक घरात शिरला की दुसरा बाहेर पडायचा. नवरा-बायकोची भेट व्हायची ती उंबऱ्यावर, किल्ली देता-घेता. ज्याचं अडलेलं नाही त्याच्याशेजारी नुसतं बसायला सवड होती कोणाला? मोठ्या मुलाचं तर कधी अडलंच नाही. तो आपला आपण शिकला, वरच्या नंबराने पास झाला आणि लांबच्या शहरात नोकरीला लागला. आता कधीमधी त्याचा फोन येई. "सगळं ठीक ना?" विचारी आणि उत्तर पुरतं व्हायच्या आत ठेवून देई. पोर असावं तर असं, कसली म्हणून कटकट नाही, असं बाप गोदामात चारचौघांना सांगत असे. तेव्हा एवढीशी असलेली मुंगी दादाच्या बंद दाराबाहेर खेळत बसायची.

ती मात्र दुसऱ्याच मुशीतली निघाली.

शाळेतल्या बाईंनी दोनदा बोलावून घेतलं. मुलगी लिहिते बरं, बहुधा शेजारणीचं बघून लिहीत असावी. पण मोठ्याने वाचायला उभी केली की तोंडातून शब्द फुटत नाही, असं त्यांचं म्हणणं. सुधारणा झाली नाही तर याच वर्गात पुन्हा बसावं लागेल, हेही त्यांनी सांगून टाकलं. बाप त्या दिवशी मान खाली घालून परतला. गोदामात त्याला सुपरवायझर करायचं घाटत होतं, पण ती संध्याकाळची पाळी. त्याने नाही म्हणून सांगितलं. संध्याकाळ मुंगीची, हे ठरलं.

आणि इथेच सगळं उफराटं झालं. तो जितका जास्त बसे, तितकी पोर जास्त अडखळे. आधी जोडाक्षरं अडत होती, आता साधे शब्दही अडू लागले. तो समजावून थकला, एकदा तर पुस्तक आपटून मोकळा झाला आणि मग स्वतःचीच लाज वाटून गच्चीवर जाऊन उभा राहिला. आपल्याला शिकवता येत नाही, आपल्या हाताला यश नाही, हे त्याने मनाशी कबूल केलं.

त्याची थोरली बहीण दुसऱ्या गावी राहायची. सारा जन्म मास्तरकी करून निवृत्त झालेली. तिने फोनवर सांगितलं, दे पाठवून माझ्याकडे. शेजारची एक मुलगी रोज येते अभ्यासाला, पाण्यासारखी वाचते. तिच्या संगतीने हीही लागेल वाचायला.

मुंगीच्या आईला हे मुळीच पसंत नव्हतं. "एवढीशी आहे ती. करमायचं नाही तिला."

"मग इथे राहून काय दिवे लावतेय?"

"आपण कोणते लावले?" आई म्हणाली, आणि किल्ली त्याच्या हातात ठेवून कामाला गेली.

मुंगी रडली नाही. बसमध्ये उकडलं म्हणून तिने स्वेटर काढून बापाच्या हातात दिला आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. मग तिने विचारलं, "तिकडे अडलं, तर तुम्ही याल?"

"आत्या आहे की. ती माझ्यापेक्षा छान शिकवते."

मुंगी पुन्हा खिडकीकडे वळली.

बहिणीने चहा टाकला, मुंगीला जवळ घेतलं. संध्याकाळी मुंगीच्या अभ्यासासाठी घरी थांबायचं कारणच आता उरलं नव्हतं. तेव्हा त्याने त्याच दिवसापासून संध्याकाळची पाळी मागून घेतली होती. बस चुकवून चालणार नव्हतं, म्हणून तो घाईने निघाला. स्टँडवर पोचल्यावर लक्षात आलं, स्वेटर आपल्याच खांद्यावर राहिला. तसाच मागे वळला.

फाटकाशी आला तर बहीण परसात कपडे वाळत घालताना दिसली. खिडकीतून वाचनाचा आवाज येत होता. शेजारची ती मुलगी आली असणार. "पुलाच्या दुरुस्तीमुळे अवजड वाहनांची वाहतूक पर्यायी मार्गाने वळवण्यात आली आहे…" वर्तमानपत्र होतं, आणि पोरगी कुठे ठेच न लागता, स्वल्पविरामाला थांबत, खणखणीत वाचत होती. असा आवाज त्याने आपल्या घरात कधी ऐकला नव्हता. त्याचा जीव तुटला. कोणाच्या नशिबात असतात अशी लेकरं, असं वाटून गेलं, आणि मुंगी बिचारी कोपऱ्यात बसून हे ऐकत असेल, म्हणून डोळेही भरून आले.

त्याने पायरीवर पाय ठेवला. फरशीवर गोदामातला जड बूट वाजला.

आतलं वाचन तिथेच थांबलं. मग तोच आवाज, अगदी हळू, पुन्हा सुरू झाला: "पु… ला… पुला… बाबा, अडलं."