मागची केबिन

सूनबाईची रीतच तशी. नकोशी वस्तू सासूच्या गळ्यात मारायची आणि वर मायेचा मुलामा द्यायचा. बोटीच्या सहलीचं बुकिंग करतानाही तिनं स्वतःसाठी आणि मुलांसाठी लिफ्टजवळच्या केबिन घेतल्या आणि मग नकाशातल्या बोटीच्या पार शेपटावर बोट ठेवलं.

"आई, तुम्हाला ही मागची. एकदम निवांत. कुणाची कटकट नाही."

सासूबाई समजायचं ते समजल्या. त्यांचा मुलगा मान खाली घालून मोबाइल चोळत बसला होता.

"बरं. द्या हीच," सासूबाई काउंटरवरच्या बुकिंगवालीला म्हणाल्या.

बुकिंगवाली हरखली. "मस्त निवडलीत, आजी! हिची बाल्कनी बाकीच्यांच्या दुप्पट. समोर नुसता समुद्र. लोक या केबिनसाठी भांडतात."

सूनबाईचा चेहरा खर्रकन उतरला. "अगंबाई, पण आईंच्या गुडघ्यांना एवढं चालणं कसं झेपायचं? राहू दे, मागची आम्हीच घेतो."

सासूबाईंनी नकाशा आपल्याकडे ओढला आणि त्यावर पंजा ठेवला.

"सूनबाई, मला अडगळीत टाकलंस, ते मी गिळलं. पण अडगळच चांगली निघाली म्हणून तीही काढून घेतेस, म्हणजे तुझी कमाल झाली!"