सर्व्हरची जेवणाची सुट्टी

मामांनी सर्व्हरच्या खोलीच्या दाराला कान लावला. आतून घुर्र-घुर्र असा बारीक आवाज येत होता. मामांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. फॅनचं बेअरिंग गेलंय! सापडला एकदाचा चोर!

मामा म्हणजे या तपासणी लॅबचे कॉम्प्युटर सांभाळणारे. मामा हे नाव रक्त घेणाऱ्या पोरींनी ठेवलेलं, पण आता ते बिल्डिंगभर रुळलं होतं. गेला आठवडाभर त्यांच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. रोज जेवणाच्या सुट्टीत सर्व्हर आपोआप बंद पडायचा, पेशंटांचे रिपोर्ट अडकायचे आणि काउंटरवर आरडाओरडा सुरू व्हायचा. मामांनी तो पुन्हा चालू केला, की मग स्वारी काही झालंच नाही अशा थाटात संध्याकाळपर्यंत चालायची. वायरी बदलून झाल्या, बॅटरी बदलून झाली. "मामा, त्यालाही डबा खायचा असेल हो," पोरी म्हणायच्या. पहिले दोन दिवस मामाही हसले.

यंत्र तापलं की स्वतःहून बंद होतं, हे त्यांना ठाऊक होतं. पण लोकांच्या गराड्यातून सुटून, दुखऱ्या गुडघ्यानं तीन जिने चढून ते वर पोचायचे, तेव्हा ती कपाटाएवढी खोली थंडगार असायची. एसीवाला तर कालच येऊन एसी ठणठणीत असल्याचं सांगून गेला होता.

आणि आज सकाळी मॅनेजरबाईंनी बोलावून घेतलं होतं. बाईंना माघारी सगळे फौजदार म्हणत, आणि ते काही उगाच नाही. त्या मान वर न करता म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत मला कारण हवंय. नाहीतर मालक हे काम बाहेरच्या कंपनीला देतील." म्हणजे मामांनी घरी बसायचं. या वयात त्यांना दुसरं कोण दारात उभं करणार होतं? घरखर्च त्यांच्याच पगारावर चालत होता. म्हणून आज सर्व्हर बंद पडायची वाट न बघता ते आधीच वर येऊन थडकले होते.

दार आतून बंद होतं. त्यांनी ठोठावलं.

"जरा थांबा हं," आतून उत्तर आलं. फॅन बोलायला लागला की काय, असं मामांना क्षणभर वाटून गेलं.

दार उघडलं. समोर रक्त घेणाऱ्यांतली सगळ्यात नवी पोर उभी होती. घरी तान्हं बाळ, नोकरी अजून पक्की झालेली नाही. तिच्या एका हातात दूध काढायचं छोटंसं मशीन होतं आणि दुसऱ्या हातात झाकण लावलेली बाटली. कपाळावर घाम होता. खोली भट्टीसारखी तापली होती.

"एसी बंद केलास?" मामांनी विचारलं.

"गारठ्यात दूध उतरत नाही हो मामा. तेवढ्यापुरता बंद करते. जाताना आठवणीनं लावते की." तिला वाटलं, मामा विजेच्या बिलाचं बोलताहेत. "खाली बाथरूमला कडी लावली, की बाहेर पेशंट दार बडवायला लागतात. दुसरं कुठे जाऊ?"

तेवढ्यात तिच्या पाठीमागे सर्व्हरनं मान टाकली. दिवे विझले. तिनं वळून पाहिलं, मग मामांकडे पाहिलं, आणि सगळं तिच्या लक्षात आलं. तिला रडू फुटलं.

"माझ्यामुळे? रोज? मामा, मला काढून टाकतील हो."

मामांना तिची फार दया आली. पोर पोटच्या गोळ्याला घरी ठेवून दिवसभर लोकांच्या हातात सुया टोचत होती, आणि तिला बसायला साधी एक खोली नव्हती. "रडू नकोस," ते म्हणाले. "बाटली सांभाळ, पडेल. तू जा खाली. तू इथे नव्हतीस, मी तुला पाहिलं नाही."

त्यांनी एसी लावला, सर्व्हर चालू केला आणि ते तडक बाईंच्या केबिनमध्ये गेले. अजून थोडा वेळ थांबलो तर आपला धीर सुटेल, अशी त्यांना भीती वाटत होती.

"कारण सापडलं," मामा म्हणाले. "चूक माझी आहे. जेवल्यावर मी त्या खोलीत जरा पडायचो. थंडी वाजते म्हणून एसी बंद करायचो. त्यानं यंत्र तापत होतं. कंपनीला बोलवा, माझं काही म्हणणं नाही."

ते खाली मान घालून उभे राहिले. आता तोफ डागली जाणार, हे ठरलेलंच होतं.

तोफ डागली गेली नाही. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांचा चेहरा उतरला होता.

"रोज? जेवणाच्या सुट्टीत तुम्ही रोज त्या खोलीत होतात?"

"हो."

"अहो, मग ती पोर दूध काढायला कुठे जात होती?" बाई खुर्चीतून उठल्याच. "तिला ती खोली मी दिली होती!"