जयवंतचं ॲव्हरेज

त्र्याहत्तर साली पेट्रोल भडकलं आणि अंधेरीच्या जयवंतने आपल्या चिमुकल्या गाडीचं ॲव्हरेज वाढवायचं मनावरच घेतलं. ओझं कमी, तर पेट्रोल कमी! हा महान शोध लागल्यावर आधी टपावरचं कॅरियर गेलं, मग मागची सीट, जॅक, शेवटी स्टेपनीसुद्धा. रविवारी घाटकोपरला सासुरवाडीला निघताना उरलेल्या ओझ्याकडे, म्हणजे बायकोकडे बघत तो म्हणाला, "वनमाला, तू आपली बसने ये."

साकीनाक्याला चाक पंक्चर झालं. जयवंत रस्त्याच्या कडेला कपाळाला हात लावून उभा होता, तेवढ्यात शेजारी बस थांबली. खिडकीतून वनमालाने डोकं बाहेर काढलं.

"अगबाई, तुम्हीसुद्धा उतरलात? आता ॲव्हरेज काय झकास पडेल हो!"