तिसरं स्वप्न

परवाना कार्यालयातल्या खाटेवर शेवंता आडवी झाली. तिच्या कपाळाला तारांची पट्टी बांधत तपासनीस पेठेबाई म्हणाल्या, "घाबरू नका. झोप आपोआप लागेल."

शेवंताला रुग्णवाहिका चालवायचा परवाना हवा होता. पण अकरा वर्षांपूर्वी घाटात तिच्या टेम्पोखाली एक सायकलवाला आला होता आणि ती न थांबता पळून गेली होती. शिक्षा भोगून झाली, तरी गुन्ह्याची नोंद असलेल्या माणसाला आधी त्या प्रसंगाचं आपलं स्वप्न भिंतीवरच्या पडद्यावर दाखवावं लागे. दोनदा ती स्वप्नातही पळाली होती. आता ही शेवटची संधी होती.

डोळे मिटले आणि घाट धुक्यात तरंगू लागला. सायकल म्हातारीच्या कापसासारखी अलगद उडाली. शेवंताचा पाय ब्रेकवर पडला. ती उतरली, ओंजळीने धुकं बाजूला सारत गेली आणि त्या माणसाचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

जाग आली तेव्हा पडदा कोरा झाला होता. समोर सायकलवाल्याची बायको द्वारका बसली होती. परवान्याला तिची संमती लागणार होती.

"पडद्यावर आवाज येत नाही," द्वारका म्हणाली. "तुम्ही ह्यांना काय सांगत होता?"

"ते वाचणार नव्हते, ताई. नुसतं म्हटलं, मी इथंच आहे."



"एकटेच गेले, हेच इतकी वर्षं खुपत होतं," असं म्हणून द्वारकाने पेठेबाईंकडे पेन मागितलं.